ट्राम-कचेरीचा संघ आणि युरोपचा चषक

रुझोम्बेरोक हे नाव आपल्याकडे फारच थोड्यांच्या कानावरून गेले असेल. मध्य युरोपातील स्लोव्हाकिया या लहानशा देशात, वाह नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत हे गाव वसले आहे. लोकवस्ती तीस हजारांच्याही आत. गावाचा मोठा धंदा एकच, आणि तो म्हणजे कागदाची गिरणी. सिरपूर-कागजनगरकडे ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना असे गाव डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. १९३८ साली स्थापन झालेल्या सिरपूरच्या कागदगिरणीने कागजनगरला नाव दिले, वस्ती दिली, बाजार दिला. २०१४ साली गिरणी बंद पडली तेव्हा गावाची सारी कळाच उतरली, आणि २०१८ साली ती पुन्हा सुरू झाली तेव्हा गावाच्या जिवात जीव आला.

रुझोम्बेरोकच्या गिरणीने मात्र आपल्या गावाला आणखी एक गोष्ट दिली. तिच्या नावाने खेळणाऱ्या तिथल्या महिला बास्केटबॉल संघाने १९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपातील विजेत्या संघांचा चषक जिंकला. ज्या स्पर्धेत मॉस्को, प्राग, बेलग्रेड, सोफिया अशा राजधान्यांचे संघ उतरत आले, तिच्या विजेत्यांच्या यादीत या कागदगिरणीच्या गावाचे नाव दोनदा लिहिलेले आहे.

हे नाव तिथे कसे गेले, हे समजून घ्यायचे तर ती यादी जरा बारकाईने वाचावी लागते. नुसता कोण जिंकला आणि कोण हरला एवढाच हिशेब त्या यादीत नाही. संघाला पगार कोण देत होते, सरावाला छप्पर कोणाचे होते, आणि तो आश्रय सुटल्यावर संघाचे काय झाले, हेही तिच्यात वाचता येते.

बास्केटबॉल हा खेळ स्त्रियांना उशिरा मिळाला असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात मुलांना शिकविला, आणि लगेच पुढल्या वर्षी जवळच्याच नॉर्दॅम्प्टन येथील स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविण्यास सुरुवात केली. म्हणजे पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या खेळात अंतर पडले ते फार तर काही महिन्यांचे. मात्र बेरेन्सनबाईंनी नियम पुष्कळ बदलले. मैदानाचे तीन भाग पाडले, ज्या मुलीला जो भाग नेमून दिला तिने तो सोडायचा नाही, आणि दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावून घ्यायचा नाही. स्त्रियांनी फार धावू नये हा त्या काळचा विचार त्या नियमांत स्पष्ट दिसतो. युरोपात स्त्रियांचा खेळ वाढला तो पुरुषांच्याच नियमांनी, संपूर्ण मैदानभर धावत. देशांच्या महिला संघांची पहिली युरोपीय स्पर्धा १९३८ साली रोममध्ये झाली, आणि पहिली जागतिक स्पर्धा १९५३ साली दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात. ऑलिंपिकने मात्र स्त्रियांना आपल्या दारात घेतले ते १९७६ साली, माँट्रिऑलला.

देशांचा संघ वेगळा आणि क्लबचा संघ वेगळा, हे इथे सांगणे अवश्य आहे. देशाचा संघ निवड समिती निवडते, काही आठवडे एकत्र येतो आणि स्पर्धा संपली की पांगतो. क्लबचा संघ वर्षभर एकाच गावात राहतो. त्याची क्रीडागृहे ठरलेली, प्रशिक्षक ठरलेला, प्रेक्षकही ठरलेले. प्रत्येक देशाच्या अंतर्गत स्पर्धेत जिंकलेल्या अशा महिला संघांची आपापसांत गाठ घालून द्यावी, ही कल्पना आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने १९५८ च्या हिवाळ्यात अमलात आणली. १९५९ साली पहिला चषक बल्गेरियाच्या स्लाव्हिया सोफिया या संघाने मॉस्कोच्या डायनॅमो संघाला हरवून मिळविला. चॅम्पियन क्लबांचा युरोपीय चषक हे या स्पर्धेचे मूळ नाव. १९९६ पासून तिला महिलांची युरोलीग म्हणतात.

आता गुणतक्त्याविषयी. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर हे तक्ते रोज छापून येतात आणि बहुतेक वाचक वरच्या दोन ओळी पाहून पान उलटतात. बास्केटबॉलच्या तक्त्यात एक गंमत आहे. जिंकणाऱ्याला २ गुण मिळतात आणि हरणाऱ्यालाही १ गुण मिळतो. हरल्याचे बक्षीस कशाला, असे कोणालाही वाटेल. कारण असे, की बास्केटबॉलमध्ये सामना बरोबरीत सुटत नाही. चाळीस मिनिटांच्या अखेरीस बरोबरी झालीच तर पाच मिनिटे जादा खेळवितात, तरी सुटली नाही तर आणखी पाच. तेव्हा तिसरा निकाल उरतो तो संघ मैदानावर आलाच नाही हा. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याला २० विरुद्ध ० असा विजय देतात आणि न आलेल्या संघाच्या खात्यात शून्य मांडतात. म्हणजे तो एक गुण हरल्याबद्दल नसून येऊन खेळल्याबद्दल आहे. हिमवर्षावात गाडी पकडून परक्या देशात जायचे, हरणार हे ठाऊक असताना उभे राहायचे, त्याची ही पोच.

दोन संघांचे गुण सारखे झाले तर आपापसांत कोण जिंकले ते पाहतात. तीन संघांचे झाले की हिशेब जरा गुंतागुंतीचा होतो. उदाहरणादाखल असे समजू, की आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कागजनगर अशा चार गावांच्या मुलींचे संघ एकमेकांशी एकेकदा खेळले. कागजनगर तिन्ही सामने हरले. आदिलाबादने निर्मलला ४ गुणांनी हरविले, निर्मलने मंचेरियालला १० गुणांनी, आणि मंचेरियालने आदिलाबादला ३ गुणांनी. वरच्या तिघांचेही दोन विजय, एक पराजय, म्हणजे प्रत्येकी ५ गुण झाले, आणि कागजनगरचे ३. आता आदिलाबादने कागजनगरला भले ४० गुणांनी धुतलेले असो, ते इथे जमेला धरीत नाहीत. फक्त या तिघांच्या आपापसांतील सामन्यांची वजाबाकी करायची. आदिलाबाद ४ ने वर आणि ३ ने खाली, म्हणून शिल्लक १. निर्मल १० ने वर, ४ ने खाली, शिल्लक ६. मंचेरियाल ३ ने वर, १० ने खाली, म्हणजे ७ ने तोट्यात. निर्मल पहिले, आदिलाबाद दुसरे, मंचेरियाल तिसरे. ज्या आदिलाबादने निर्मलला हरविले तेच निर्मलच्या खाली बसले! सामना हातचा गेला हे दिसत असतानाही मंचेरियालच्या मुलींनी शेवटच्या मिनिटात दहाचे अंतर दोनवर आणले असते, तर त्याच पहिल्या आल्या असत्या. हरता हरतासुद्धा अंतर कमी करण्यासाठी संघ जिवाच्या आकांताने का धावतात, ते यावरून ध्यानात यावे.

चषकाच्या सुरुवातीच्या काळात तर अंतिम सामनाही दोन डावांचा असे, एक आपल्या गावी आणि एक त्यांच्या गावी, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज करून निकाल लावीत. पाहुण्यांच्या मैदानावर थोडक्यात हरणे हीसुद्धा तेव्हा एक प्रकारची कमाईच होती.

त्या सुरुवातीच्या काळाचे खरे नाव म्हणजे रिगा. बाल्टिक समुद्राकाठची ही लाटव्हियाची राजधानी, त्या वेळी सोव्हिएत संघराज्यात मोडणारी. पुरुषांच्या युरोपीय चषकाची १९५८, १९५९ आणि १९६० ही पहिली तिन्ही वर्षे रिगाच्याच लष्करी संघाने जिंकली होती. १९५८ साली तिथे स्त्रियांचा एक संघ उभा राहिला. त्याचे नाव टी. टी. टी. ही तीन अक्षरे फार भारदस्त वाटतात, पण त्यांचा लाटव्हियन भाषेतील अर्थ एवढाच, की ट्राम आणि ट्रॉलीबस यांचा कारभार पाहणारी संस्था. शहरातल्या ट्रामगाड्या चालविणाऱ्या कचेरीने हा संघ सांभाळला. नोकरपट कचेरीचा, कपडे कचेरीचे, नावही कचेरीचे.

या ट्राम-कचेरीच्या संघाने १९६० साली युरोपचा चषक पटकाविला. १९६१ साली पुन्हा, १९६२ साली पुन्हा. १९६३ साली स्लाव्हिया सोफियाने तो हिसकावून घेतला एवढेच. १९६४ पासून १९७५ पर्यंत लागोपाठ बारा वर्षे तो रिगाहून हलला नाही. पुढे १९७७, १९८१ आणि १९८२ अशी आणखी तीन वर्षे. एकूण अठरा विजेतेपदे. सोव्हिएत संघराज्याची अंतर्गत स्पर्धा या संघाने एकवीस वेळा जिंकली. तीही काही सोपी नव्हती, कारण मॉस्को, लेनिनग्राड, कीव्ह अशा मोठ्या शहरांच्या संघांशी तिथे गाठ पडत असे. ओल्गेर्ट्स आल्टबेर्ग्स आणि त्यांच्यामागून राइमोंड्स कार्नीतिस हे या संघाचे नावाजलेले प्रशिक्षक.

या अठरांपैकी अकरा चषकांवर एका खेळाडूची सावली आहे. उल्याना सेम्योनोव्हा ही १९५२ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मली. उंची सात फुटांच्या आसपास, काही नोंदींत २१० सेंटिमीटर तर काहींत त्याहून दोन-तीन अधिक. लहान वयातच तिला हेरून रिगाला आणण्यात आले. आजच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लांबून मारलेल्या यशस्वी फेकीला तीन गुण ही सोय आंतरराष्ट्रीय नियमांत १९८४ सालापर्यंत नव्हती. टोपलीखालून टाका की दुरून टाका, गुण दोनच. अशा काळात टोपलीशेजारी सेम्योनोव्हा उभी राहिली म्हणजे समोरच्या संघाचा निम्मा खेळ संपल्यासारखा होई. सोव्हिएत संघाकडून अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती कधी हरली नाही. १९७६ आणि १९८० ही दोन्ही ऑलिंपिक सुवर्णपदके तिला मिळाली. १९९३ साली अमेरिकेतील नेस्मिथ यांच्या नावाच्या कीर्तिमंदिरात तिची निवड झाली. अमेरिकेबाहेरच्या स्त्रीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

मात्र एकट्या उंच मुलीमुळे बारा वर्षे चषक टिकतो असे मानणे भाबडेपणाचे होईल. सेम्योनोव्हा संघात स्थिरावण्यापूर्वीच रिगाने सात वेळा तो जिंकलेला होता. खेळाडूला उद्याच्या भाकरीची चिंता नाही, हिवाळ्यात सरावाला बंदिस्त जागा आहे, आणि शरद ऋतूपासून वसंतापर्यंत सामने ठरलेले आहेत, एवढी बैठक पक्की असल्यावर उंच मुलगी सापडली तर तिचे सोने होते. ती बैठक नसती तर तीच मुलगी गावाकडे कुतूहलाचा विषय होऊन राहिली असती.

रिगानंतर चषक इटलीकडे वळला. १९७८ साली मिलानला लागून असलेल्या सेस्तो सान जोव्हानी या कारखान्यांच्या गावचा जेआस संघ विजयी झाला, १९८० साली तुरिनचा संघ फियाट या मोटारींच्या नावाने खेळून विजयी झाला, आणि मग व्हिचेन्झा या गावाने १९८३ साली व पुढे १९८५ ते १९८८ अशी चार वर्षे मिळून पाच वेळा तो नेला. इथे यादी वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो, कारण व्हिचेन्झाचे नाव सरळ कुठेच सापडत नाही. १९८३ चा विजेता झोलू व्हिचेन्झा, तर १९८६ चा प्रिमीजी व्हिचेन्झा. इटलीत संघाला पैसा देणाऱ्या व्यापारी पेढीचे नाव संघाच्या आधी लावायची रीत पडली होती. पेढी बदलली की बारसे नव्याने. १९९० साली तर सिसिली बेटावरील प्रियोलो नावाचे, तेलशुद्धीच्या आणि रसायनांच्या कारखान्यांनी वेढलेले एक लहान गाव एका रसायन-उद्योगाच्या नावाने युरोपचे विजेते झाले. रुझोम्बेरोकच्या आधीचे हे रुझोम्बेरोकच म्हणायचे.

व्हिचेन्झाचा तो सुवर्णकाळ १९८९ साली संपला. त्या वर्षी चषक गेला युगोस्लाव्हियातील तूझ्ला या मिठाच्या आणि कोळशाच्या खाणींच्या गावी. तिथल्या येदिन्स्त्वो संघाची राझिया मुयानोव्हिच ही साडेसहा फुटांहून उंच खेळाडू पुढे इटलीतील कोमो संघातून १९९४ आणि १९९५ चा चषकही जिंकून गेली. येदिन्स्त्वो या शब्दाचा अर्थ ऐक्य. तीन वर्षांत ते ऐक्य मोडले, युद्ध पेटले, आणि तूझ्ला बोस्नियात गेले.

मग तूझ्लाचा चषक कोणाच्या खात्यावर मांडायचा? ज्या युगोस्लाव्हियाच्या नावे तो जिंकला तो देश उरला नाही. रिगाचे अठरा चषक सोव्हिएत संघराज्याचे, की १९९१ साली स्वतंत्र झालेल्या लाटव्हियाचे? देशवार याद्या करणारे लोक यावर आजही आपापल्या परीने तोडगा काढतात, आणि म्हणून दोन याद्यांचे आकडे जुळत नाहीत. आदिलाबादच्या वाचकाला ही अडचण फोड करून सांगायला नको. हैदराबाद संस्थानातून हैदराबाद राज्यात, तिथून १९५६ साली आंध्र प्रदेशात आणि २०१४ साली तेलंगणात हा जिल्हा गेला. राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा त्यातून निघून पैनगंगा-वर्धेच्या अलीकडच्या मराठी मुलखाला मिळाले, आणि २०१६ साली उरलेल्याचे चार जिल्हे झाले. कागजनगरच्या एखाद्या जुन्या संघाने १९८० साली ढाल जिंकली असती, तर ती आदिलाबादची म्हणायची की आजच्या आसिफाबाद जिल्ह्याची, हा वाद सहज रंगला असता. संघाच्या नावात गाव असते ते बरे. गाव सहसा जागचे हलत नाही.

या चषकाच्या जोडीने एक दुसरा चषकही युरोपात १९७० नंतर सुरू झाला होता. कोमोची खेळाडू लिलियाना रोंकेत्ती ही १९७३ साली अकाली वारली. तिचे नाव त्या चषकाला दिले गेले आणि २००२ सालापर्यंत तो त्याच नावाने चालला. त्याच्या जागी आलेल्या स्पर्धेला नुसते युरोकप म्हणतात. नावे सुटसुटीत करण्याच्या नादात माणसे गळतात ती अशी.

१९९७ आणि १९९८ साली फ्रान्सच्या बूर्ज संघाने चषक नेला, २००१ साली पुन्हा नेला. त्यानंतरचा काळ रशियन पैशाचा. येकातेरिनबुर्ग येथील संघ तर उरल पर्वतातील तांब्याच्या खाणी आणि धातूचे कारखाने चालविणाऱ्या मोठ्या कंपनीचेच नाव लावतो. या संघाने २००३ ते २०२१ च्या दरम्यान सहा चषक मिळविले. मॉस्कोजवळच्या स्पार्टाकने २००७ ते २०१० असे ओळीने चार घेतले. या संघांकडे अमेरिकेतील नामांकित खेळाडू हिवाळ्यात येऊन राहत. अमेरिकेची व्यावसायिक महिला स्पर्धा १९९७ पासून उन्हाळ्यात भरते, आणि तिथे मिळणाऱ्या पगाराच्या कितीतरी पट पगार रशियात मिळे. डायना टॉरासी या विख्यात खेळाडूने तर २०१५ चा अमेरिकेतील हंगाम खेळूच नये म्हणून येकातेरिनबुर्गच्या संघाने तिला मोबदला दिला. विश्रांती घेण्याचा पगार! आपल्याकडच्या खेळाडूंना ही गोष्ट परीकथेसारखी वाटेल.

परंतु हा आश्रय जितका उदार तितकाच बेभरवशाचा होता. स्पार्टाकचा कारभार एका धनिकाच्या खिशावर चाले. २००९ च्या नोव्हेंबरात मॉस्कोच्या रस्त्यावर त्याचा खून झाला. त्याच मोसमाचा चषक संघाने मिळविला खरा, पण तो शेवटचा. स्पेनमधील व्हॅलेन्सियाची कथा त्याहून विलक्षण आहे. रोस कासारेस या पोलादाच्या पेढीच्या नावाने खेळणारा तिथला संघ २०१२ साली युरोपचा विजेता झाला, आणि त्याच उन्हाळ्यात पेढीने हात आखडता घेतल्यावर तो व्यावसायिक संघच मोडला. चषक कपाटात, आणि खेळाडू दुसऱ्या गावांच्या शोधात. गुणतक्त्यात पहिला असलेला संघ पुढल्या वर्षीच्या तक्त्यात नाहीच, असा प्रकार इतर खेळांत क्वचितच पाहायला मिळतो.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि रशियन संघांना स्पर्धेतून दूर करण्यात आले. त्याच महिन्यात येकातेरिनबुर्गकडे निघालेली अमेरिकन खेळाडू ब्रिटनी ग्रायनर मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली. तिला तुरुंगवास झाला, आणि डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. अमेरिकन खेळाडूंची हिवाळ्यातील रशियाची वाट तिथे संपली.

त्या वर्षीचा चषक कोणी नेला? हंगेरीच्या पश्चिम सरहद्दीवरील शोप्रोन या गावाने. २०१८ साली अंतिम फेरी याच गावात भरली होती आणि घरच्या लोकांदेखत शोप्रोनचा संघ येकातेरिनबुर्गकडून हरला होता. चार वर्षांनी इस्तंबूलमध्ये त्याने फेनरबाहचे या इस्तंबूलच्याच बलाढ्य संघाला, त्याच्याच प्रेक्षकांसमोर, ६० विरुद्ध ५५ असे हरविले. फेनरबाहचेने २०२३ आणि २०२४ साली त्याची भरपाई करून घेतली. २०२५ चा चषक प्रागकडे गेला.

२०२५ अखेरपर्यंतचा एकूण हिशेब असा पडतो. रिगा अठरा, येकातेरिनबुर्ग सहा, व्हिचेन्झा पाच, स्पार्टाक चार. त्यानंतर बूर्ज तीन, आणि व्हॅलेन्सियाही तीन, कारण १९९२ व १९९३ साली निराळ्या नावाने जिंकलेले दोन चषक त्याच क्लबचे होते. मग प्रत्येकी दोन चषकांची रांग लागते आणि तिच्यात सोफिया, कोमो, वालाँसिएन, फेनरबाहचे, प्राग यांच्या शेजारी रुझोम्बेरोक बसलेले आहे. बारा वर्षे एका जागी राहिलेला चषक आणि दर दोन वर्षांनी घर बदलणारा चषक एकाच यादीत मोजणे कितपत न्याय्य, हा प्रश्न उरतोच. पण याद्यांना न्यायाशी कर्तव्य नसते.

भारतापुरते पाहायचे तर आपल्याकडे असा व्यावसायिक क्लब नाही, पण रिगाच्या ट्राम-कचेरीसारखी घरे आहेत. भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० साली स्थापन झाला, आणि राष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांच्या खेळात रेल्वेचा दबदबा दीर्घकाळ राहिला. केरळचे वीज मंडळही नावाजलेले. मुलगी चांगली खेळली की तिला रेल्वेत किंवा वीज मंडळात चिकटवून घ्यायचे, तिने कचेरीच्या संघातून खेळायचे, हाच तो ट्रामचा मार्ग. याच मार्गाने आलेल्या मुलींमधून घडलेल्या भारतीय संघाने २०१७ साली बंगळूरला भरलेल्या आशियाई चषकाच्या दुसऱ्या गटात कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे हरवून पहिल्या गटात प्रवेश मिळविला. दोन गुणांचा तो विजय प्रेक्षकांनी श्वास रोखून पाहिला. महाराष्ट्राने भारतीय संघाला दिलेल्या खेळाडूंत पुण्याची शिरीन लिमये हिचे नाव ठळक आहे.

तरी रिगाशी तुलना केली की एक उणीव डोळ्यांत भरते. रेल्वेची नोकरी वर्षभराची असते आणि राष्ट्रीय स्पर्धा काही दिवसांत आटोपते. वर ज्या गुणतक्त्याचा हिशेब मांडला, तो खरा बोलू लागतो तो महिनोन् महिने घरी आणि बाहेर सामने झाल्यावर. आठवड्याभरात चार-सहा सामने खेळून घरी परतणाऱ्या मुलीला आपला खेळ कुठे कमी पडतो हे कळण्याआधीच तक्ता पुसला जातो. गीतू अ‍ॅना जोस ही केरळची खेळाडू दक्षिण रेल्वेत होती. असा प्रदीर्घ हंगाम खेळायला मिळावा म्हणून तिला २००६ साली ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या रिंगवूड उपनगरातील क्लबकडे जावे लागले. परदेशी क्लबकडून खेळणारी ती पहिली भारतीय महिला बास्केटबॉलपटू मानली जाते. २०११ साली अमेरिकेतील व्यावसायिक संघांनी तिची चाचणीही घेतली. तिच्यामागून, तब्बल बारा-तेरा वर्षांनी, केरळ वीज मंडळाची पी. एस. जीना त्याच रिंगवूडच्या संघात दाखल झाली.

रिगाचा टी. टी. टी. संघ अजूनही त्याच तीन अक्षरांनी ओळखला जातो. लाटव्हिया स्वतंत्र झाल्यावर बरीच वर्षे युरोपच्या मोठ्या चषकापासून तो दूर होता, आणि २०१८ नंतरच्या काही हंगामांत पुन्हा तिथे उतरला. बऱ्याचदा तक्त्याच्या खालच्या ओळींत, प्रत्येक हरलेल्या सामन्याचा एक गुण घेऊन. सेम्योनोव्हा निवृत्तीपूर्वी स्पेनमध्ये आणि फ्रान्समध्ये खेळून आली, आणि १९९१ नंतर तिने लाटव्हियातील ज्या निधीचे काम हाती घेतले, तो होता म्हातारपणी हलाखीत सापडलेल्या जुन्या ऑलिंपिक खेळाडूंना मदत करणारा निधी.